चंद्रावर कोणी गेलेच नाही : संदर्भ पगारे सर

नाशिकरोडच्या सुगत कॉलनीतल्या वाचनालयाने २००२च्या विज्ञान दिनाला वादविवाद ठेवला. विषय होता ‘माणूस चंद्रावर गेलाच नाही’. केबलवर तसा एक कार्यक्रम लागून गेला होता, आणि कॉलनीत दुसरे बोलणे नव्हते. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा विषयाच्या बाजूने बोलणे नेमके विज्ञानाचे शिक्षक संघर्ष पगारे यांच्या वाट्याला आले. विरोधात बोलायचे होते त्यांच्या बायकोला, अंजलीला.

वर्गात शिकवतो त्याच्या उलट बोलायचे कसे, म्हणून सरांनी आधी कुरकुर केली. पण माइक हातात आला आणि त्यांना चेव चढला. आकाशात एकही तारा का नाही, वारा नसताना झेंडा कसा फडफडतो, सावल्या वाकड्या का, असे त्यांनी एकामागून एक विचारले. अंजलीला उत्तरे सुचेनात. सर जिंकले आणि घरी शीळ घालत आले.

पुढच्या आठवड्यात आठवीची चाचणी झाली. ‘चंद्रावर पहिले पाऊल कोणी ठेवले?’ या प्रश्नाला सव्वीस मुलांनी ‘कोणीही नाही’ असे उत्तर लिहिले. एकाने खाली ‘संदर्भ : पगारे सर’ असेही लिहिले होते. मुख्याध्यापिका देवरे बाईंनी तो गठ्ठा सरांपुढे ठेवला.

“पंधरा दिवसांनी तपासणीला साहेब येतायत,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आत माणसाला चंद्रावर पोचवा. नाहीतर मला वर लेखी कळवावं लागेल.”

सरांनी रविवारी वाचनालयात जाहीर खुलासा केला. बांबूला आडवी काठी बांधून, वारा नसताना झेंडा ताणलेला कसा राहतो ते दाखवले. भर उजेडात फोटो काढला की तारे येत नाहीत, हे फोटोवाल्या दिनेशकडून वदवून घेतले. सगळ्यांनी शांतपणे ऐकले. शेवटी कारखान्यातून निवृत्त झालेले मंगळू आबा उठले.

“सर, शाळेनं दाब टाकला ना तुमच्यावर?”

सर म्हणाले, मुळीच नाही. तेवढ्याने लोकांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुमनबाई पंधरा जणांना घेऊन शाळेत गेल्या आणि पगारे सरांना खरे बोलू द्यावे, असे निवेदन त्यांनी देवरे बाईंना दिले. खाली चव्वेचाळीस सह्या होत्या. सातवी सही सरांच्या आईची, रंगूबाईंची होती.

“मी आई हाय तुझी,” त्या म्हणाल्या. “तू खोटं कधी बोलतो ते मला लगेच कळतं.”

सरांचे जेवणावरून मन उडाले. नोकरी जाते की काय, या काळजीने ते शाळेत कोणाशी बोलेनासे झाले. तेव्हा अंजलीने सुचवले, की खुलासे पुरे झाले, आता बाजू बदलून पुन्हा वादविवाद लावा. खुलासा करणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, जिंकणाऱ्यावर ठेवतात.

या वेळी ‘गेलाच नाही’ची बाजू तिने घेतली. एवढ्याशा चंद्रावर दोन माणसे मावतील कशी, असे तिने विचारले. अमावस्या आली असती तर ती माणसे उभी कशावर राहिली असती, हेही विचारले. लोक पोट धरून हसले. मग सरांनी तोच बांबू, तीच आडवी काठी आणि तोच दिनेश पुन्हा उभा केला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्याला आधीपासूनच तसे वाटत होते, असे मंगळू आबांनी सगळ्यांना सांगितले.

पुढे तपासणीचे साहेब आले, हजेरीपट पाहिले, चहा घेतला आणि गेले. चंद्राचे त्यांनी नावही काढले नाही.

त्या संध्याकाळी सर हलक्या मनाने स्वयंपाकघरात आले. अंजली मेथी निवडत होती.

“अंजली, माझ्यासाठी तू मुद्दाम हरलीस,” ते म्हणाले. “मी हे विसरणार नाही.”

अंजलीने हातातली काडी मोडली.

“कोणत्या वेळचं म्हणताय?”

सर खाली बसले आणि अर्धी जुडी त्यांनी आपल्या पुढ्यात ओढली.