उझबेकिस्तानचा गाढा अभ्यास

"तू फक्त चहा टाक. उझबेकिस्तान माझ्यावर सोड!" विनोदने कॉलर ताठ करत बायकोला बजावलं.

विनोद आणि अमिता, दोघंही सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या एका खाजगी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. अमिताच्या बहिणीचं गुहागरला लग्न होतं आणि दोघांचे रजेचे अर्ज नव्या विभागप्रमुख डॉक्टर हफीजांच्या टेबलावर पडून होते. बाई ताश्कंदच्या. म्हणून त्यांना घरी चहाला बोलावून विनोदने आठवडाभर त्यांचा अख्खा देश घोकला होता! मेहुणीच्या लग्नात मिरवायचं नाही, तर जावई झालो कशाला?

बाई येऊन टेकतात न टेकतात तोच गडी सुटला. "मॅडम, महासागर गाठायला तुम्हाला दोन देश ओलांडावे लागतात!"

"वा! अभ्यास आहे," बाई खुलल्या.

अमिताने कप काठोकाठ भरून पुढे केला. बाईंचा चेहराच उतरला. चार घोटांत चहा संपवून त्या उठल्या. "बरं, निघते मी."

"निघता कुठे? बाबर अजून जन्मगावी, अंदिजानमध्येच आहे!" विनोदने त्यांना बसवलं आणि दुसरा कप स्वतः भरला, थेट बशीत सांडेपर्यंत. बाबर हिंदुस्थानात पोचला, तशा बाई पुन्हा उठल्या.

"अरे, रुसल्या वाटतं," अमिता कुजबुजली.

"पाहुणचार कमी पडतोय. ओत अजून!"

तिसऱ्या कपाबरोबर सोन्याच्या खाणी झाल्या. चौथ्याला कापसापायी नद्या वळवून अरल समुद्र आटत आला, आणि बाईंचा धीरही आटला.

"हाकलायचंच होतं तर बोलावलंत कशाला? आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच कप देतात, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ कप म्हणजे, निघा आता!"

विनोदने जीभ चावली. एवढा देश पालथा घातला आणि नेमकं हेच राहिलं! "मॅडम, आमच्या कोकणात अर्धा कप दिला तर कंजूष म्हणून गावभर बोभाटा होतो हो!"

बाई खो खो हसल्या. किटली त्यांनीच हातात घेतली. विनोदच्या कपात अर्धाच चहा पडला, तसा तो मानाने फुगला. अमिताचा कप मात्र बाईंनी तुडुंब भरला. बिचारी! विनोदला तिची कीव आली.

"लॅबमधून रजा एकालाच देता येईल," बाई म्हणाल्या. "अमिता, बहिणीला माझा आशीर्वाद सांग."

आणि विनोदच्या कपात त्यांनी प्रेमाने आणखी दोन घोट ओतले.