पेर्सिदाबाईंचं बोट

"मावशी, दाखला माझ्या हातात आहे. शिक्का तुमचा, सही तुमची. आणि तुम्हीच म्हणताय चालत नाही?"

"चालतो ना. चालत नाही असं कोण म्हणालं? फक्त जात नाही."

"कुठे जायचंय त्याला? ग्राबिकला. पूल ओलांडला की अकरा किलोमीटर. मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसते."

"तू नेलास तर तो नुसता कागद. मशीननं नेला तर दस्तऐवज." पेर्सिदाबाईंनी कॉफीचं पितळी भांडं शेगडीवरून उतरवलं. "आणि ओरडू नकोस पोरी, तू ओरडलीस की हिला उतू जायची सवय आहे."

राज्य कशावर चालतं, याची उत्तरं शाळेत वेगवेगळी देतात. कुणी म्हणतं कायद्यावर, कुणी म्हणतं जनतेच्या इच्छेवर. (शाळेत बरंच काही सांगतात.) खरं म्हणजे राज्य चालतं ते एका खोलीतला कागद दुसऱ्या खोलीत सहजासहजी पोचू नये म्हणून रात्रंदिवस घेतलेल्या काळजीवर. ही काळजी ब्रेस्ताच गावच्या नगरपालिकेच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी कक्षात जशी घेतली जाते तशी आख्ख्या सर्बियात कुठे घेत नसतील. कक्षात तीन माणसं, दोन खिडक्या (बंद) आणि एक रबराचं झाड आहे. झाड सर्वांत ज्येष्ठ.

तियाना बेकरीत कामाला होती, चोवीस वर्षांची, आणि तिचं लग्न उद्या शनिवारी अकरा वाजता ग्राबिकला होतं. नवरा विदोये डॅन्यूबवरच्या मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. बोट सोमवारी सुटणार ती नोव्हेंबरात परतणार. दोन डुकरं शेगडीवर फिरायला बांधून तयार होती, बॅन्डवाले ठरले होते, पाहुणे एकशे साठ (त्यातले चाळीस न बोलावलेले, पण ते येतात म्हणून धरलेले). अडचण एवढीच होती की तियाना अविवाहित असल्याचा दाखला आज दुपारी दोनच्या आत ग्राबिकच्या कम्प्युटरमध्ये दिसायला हवा. नाही दिसला तर तिथला नोंदणी अधिकारी वही उघडणार नाही. वही उघडली नाही तर डुकरं खातील सगळे, पण लग्न होणार नाही.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा वाजले होते.

या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत हे काम एका जुन्या कम्प्युटरवर व्हायचं. तो चौदा वर्षांचा होता, सुरू व्हायला एक कॉफी घ्यायचा, पण व्हायचा. चालतो म्हणजे तो जुना आहे हे उघडच होतं, म्हणून वसंतात त्याला निकालात काढला आणि सोमवारी नवा लॅपटॉप आला. त्याचं स्वागत रीतसर झालं. कक्षप्रमुख रादिवोये साहेबांनी सगळ्यांना एकेक घोट राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, दिली, पेर्सिदाबाईंनी घरून विणलेला पांढरा रुमाल आणून झाकणावर घातला, आणि यादीत नोंद झाली. त्यानंतर चार दिवस लॅपटॉपला कुणी हात लावला नाही. नव्या वस्तूला थोडा वेळ द्यावा लागतो.

स्कॅनर जुनाच होता. त्याचा प्रोग्राम मात्र नवा, राजधानीतून आलेला, आणि तो कुणासाठीही उघडत नसे. त्याला अधिकृत बोट लागायचं. पेर्सिदाबाईंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट फेब्रुवारीतच जिल्ह्याच्या गावी नेऊन नोंदवून आणलं होतं (बाई सोबत गेल्या होत्या). आता फक्त कीबोर्डखालच्या छोट्या चौकोनावर ते टेकवायचं, की प्रोग्राम उघडणार.

पेर्सिदाबाईंनी बोट टेकवलं. पडद्यावर चौकट उघडली, गोल फिरला आणि मजकूर आला: *बोट ओळखता आले नाही. प्रोग्राम बंद होत आहे. आपला दिवस चांगला जावो.*

"सभ्य आहे," पेर्सिदाबाई म्हणाल्या.

"मावशी, परत करा."

परत केलं. दिवस पुन्हा चांगला जावो असं म्हणाला.

यानंतर कक्षानं जे उपाय केले ते क्रमवार सांगायला हवेत, नाहीतर लोक म्हणतील काही केलं नाही. आधी लॅपटॉप बंद करून चालू केला. मग वायर काढून त्याच भोकात पुन्हा घातली, जरा जोरात. मग खिडक्या बंदच आहेत ना हे तपासलं, कारण आरपार वारा मानेला, दाताला आणि मूत्रपिंडाला लागतो तर लॅपटॉपला का लागणार नाही. दार उघडं सापडलं. ते लावलं. दारात एक म्हातारा बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी उभा होता, त्याला आत घेतलं म्हणजे फट राहणार नाही. मग लॅपटॉप टेबलाच्या दुसऱ्या कडेला नेला, कारण जुना कम्प्युटर तिथे बसायचा आणि जागेला सवय असते. मग डाव्या हाताचं बोट. मग बाकीची आठ. साडेबारा ते एक या वेळात एकूण एकतीस प्रयत्न झाले. पैकी एकोणतीस पेर्सिदाबाईंच्या बोटांनी, दोन रादिवोये साहेबांच्या अंगठ्यानं. (साहेबांचा अंगठा कुठेच नोंदलेला नव्हता. तो पदाच्या जोरावर टेकवला.)

एक वाजता साहेबांनी चौकशी हातात घेतली. जाकिटाची बटणं लावली आणि उभं राहून बोलले, कारण बसून केलेली चौकशी नोंदीत धरत नाहीत.

"शक्यता तीन. मशीन, प्रोग्राम, बोट. मशीन नवं आहे, म्हणजे त्यात दोष नाही. प्रोग्राम राजधानीतून आलाय, म्हणजे त्यातही नाही. मग काय राहिलं?"

सगळ्यांनी बोटाकडे पाहिलं. पेर्सिदाबाईंनी ते मुठीत लपवलं.

"एकतीस वर्षं शिक्के मारलेत ह्या बोटानं," त्या म्हणाल्या. "अर्ध्या गावाची लग्नं लावली. तुमचंही, रादिवोये."

"मी विसरलेलो नाही," साहेब म्हणाले. (त्यांच्या घटस्फोटाची नोंदही ह्याच बोटानं झाली होती.) "तेच म्हणतोय मी. झिजलं असणार. दिवसाला चाळीस शिक्के धरले, सुट्ट्या वजा केल्या, तरी तीन लाखांच्या वर जातं. दगड झिजतो हो."

"दगड झिजेल. मी नाही."

"अहो बाई, आरोप नाही करत. पण हे बोट तुमचंच आहे, हे सिद्ध नको का करायला?"

"एक वाजून गेला," तियाना म्हणाली. "माझं लग्न आहे उद्या आणि तुम्ही बोटाची जात विचारताय?"

"पद्धत आहे, मुली. पद्धत नसेल तर उद्या कुणीही येईल बोट घेऊन."

म्हणून पेर्सिदाबाई कोट घालून चौकापलीकडच्या पोलीस चौकीत गेल्या. चौकीचं कौतुक करायला हवं. चोरी झाली तर ते येतात चौथ्या दिवशी, पण हे काम वीस मिनिटांत झालं. बाई कागद घेऊन आल्या: *सदर बोट सदर महिलेचेच असून ते तिला जोडलेले आहे.* दोन शिक्के, एक तिरका. साहेबांनी तो वाचला, मान डोलावली, समाधानानं म्हणाले, "झालं. आता हा प्रोग्राममध्ये जोडायचा."

"कसा जोडायचा?"

"स्कॅन करून."

दाराजवळचा म्हातारा म्हणाला, "मी सोमवारी येऊ का? ती काय, मेलेलीच राहणार आहे."

"थांबा काका," तियाना म्हणाली. "साक्षीदार लागतील. मी यातल्या कुणाला तरी मारणार आहे."

एक वाजून सव्वीस मिनिटांनी जिल्ह्याच्या तंत्रज्ञाला, ल्युबिशाला, फोन लावला. तो एकटाच सतरा नगरपालिका सांभाळतो आणि त्या सगळ्या सांभाळता येतील इतका शांत आहे. फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"बंद करून चालू केलं?"

"केलं."

"वायर?"

"घट्ट आहे."

"आरपार वारा वगैरे?"

"नाही, दार लावलंय."

"बरं. मशीन नीट ठेवलंय ना? आदळआपट? वरची फिल्म निघालीबिघाली नाही ना?"

"छे हो," पेर्सिदाबाई अभिमानानं म्हणाल्या. "जशी आली तशी आहे. एक सुरकुती नाही."

"छान. जपा," ल्युबिशा म्हणाला. "मग बोटच असणार. राकिया लावून बघा, तेलकटपणा जातो. मी गुरुवारी येतो."

राज्याच्या तांत्रिक शाखेकडून आलेली ही लेखी नसलेली पण स्पष्ट सूचना होती. साहेबांनी कपाटातून बाटली काढली. घरची, प्लमची, दोनदा गाळलेली. थोडी पेर्सिदाबाईंच्या बोटावर ओतली, थोडी चौकशीच्या कामात. बाईंनी ओलं बोट चौकोनावर टेकवलं. *आपला दिवस चांगला जावो.*

पण एक थेंब खाली पडला होता. तियाना त्याच्याकडे बघत राहिली. थेंब पसरला नाही, मुरला नाही. मण्यासारखा गोल बसून राहिला, मग लॅपटॉपच्या कडेकडे घसरला आणि तिथल्या एका निळ्या टोकाशी अडला. बारीक, नखाएवढं निळं टोक. ओढायला ठेवतात तसं.

"मावशी," तियाना हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज तिच्या घरी सगळे ओळखतात, भांडी उचलून ठेवतात. "तुम्ही बोट चौकोनावर ठेवतच नाहीये. प्लॅस्टिकवर ठेवताय."

"मग? त्याच्यावर प्लॅस्टिक आहे."

"ते काढा."

पेर्सिदाबाईंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरला. "काढू कशी? नवा आहे."

इथे वाचकानं उगाच बाईंना हसू नये. प्रश्न कायद्याचा होता. साहेबांनी फाईल उघडून वस्तूंची यादी मोठ्यानं वाचली: "लॅपटॉप, एक नग. चार्जर, एक नग. संरक्षक फिल्म, पारदर्शक, एक नग." यादी त्यांनीच केली होती आणि ते काटेकोर होते. फिल्म सरकारी मालमत्ता होती. सरकारी मालमत्ता वेगळी करायची तर निकालात काढायला हवी, आणि निकालात काढायला तीन सदस्यांची समिती लागते. साहेब एक, पेर्सिदाबाई दोन, तिसऱ्या मिलुन्काबाई. त्या मान आखडल्यामुळे रजेवर होत्या. (मे महिन्यात कुणीतरी जिन्यातली खिडकी उघडी टाकली होती. ती चौकशी वेगळी चालू आहे.)

"फोनवर विचारा तिला," तियाना म्हणाली.

"समिती प्रत्यक्ष बघते. फोनवरून फिल्म दिसते का?"

"फिल्म डोळ्यांनीसुद्धा दिसत नाही साहेब, पारदर्शक आहे ती. तुम्हीच लिहिलंय."

साहेब विचारात पडले. मुद्द्यात जोर होता. पण मुद्द्यात जोर आहे म्हणून लगेच मान्य केलं, तर प्रथा पडते.

"सोमवारी बघू," ते म्हणाले.

सोमवारी बोट सुटणार होती. डॅन्यूबवरची, विदोयेची. एक वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती. तियानानं टेबलाला वळसा घातला, पेर्सिदाबाईंच्या कवेत हात घातला, निळं टोक पकडलं आणि ओढलं.

आवाज लांबलचक आला, चर्रर्र, आणि फिल्म आख्खी तिच्या हातात आली, कोपऱ्याला राकियाचा थेंब लटकलेला.

म्हाताऱ्यानं टोपी काढली. दोन्ही अधिकाऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली, लॅपटॉप उघडा दिसत होता म्हणून. तियानानं पेर्सिदाबाईंचं बोट धरलं, लहान मुलाचं धरतात तसं, आणि चौकोनावर टेकवलं.

*नमस्कार, पेर्सिदा.*

"मला नावानं हाक मारतोय," पेर्सिदाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दाखला एक त्रेपन्नला स्कॅन झाला. एक पंचावन्नला गेला. एक सत्तावन्नला ग्राबिकहून उत्तर आलं की मिळाला, वधू अविवाहित आहे, उद्या अकराला या, उशीर करू नका. अकरा किलोमीटरला दोन मिनिटं. बसलाही एवढ्यात जमत नाही, हे मान्य करावं लागेल.

साहेबांनी तोवर घटनेचा अहवाल लिहायला घेतला होता. फिल्म टेबलावर पसरून, दोन्ही तळव्यांनी सपाट करून त्यांनी ती कोऱ्या फाईलमध्ये ठेवली आणि फाईलवर क्रमांक घातला. पेर्सिदाबाई नाक पुसत होत्या.

"दोन वर्षांनी निवृत्त होणार मी," त्या तियानाला म्हणाल्या, रागानं नाही. "जसा आला तसा पुढच्या बाईच्या हातात दिला असता. तिनं म्हटलं असतं, बघा, पेर्सिदानं किती सांभाळला, वापरलासुद्धा नाही. आता काय म्हणेल?"

"मावशी, सॉरी. खरंच. उद्या या लग्नाला. तुमच्या बोटाशिवाय झालंच नसतं."

"येईन. खिडकीजवळ नाही बसणार."

मग तियानानं विदोयेला कळवायला फोन काढला. नंबर दाबला, लागला नाही. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा अंगठा जोरात रेटला. पेर्सिदाबाई वाकून बघू लागल्या. काचेवर कारखान्यातली फिल्म होती, कडांना पिवळी, मधे बुडबुडे आलेले, वरच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव अजून वाचता येत होतं.

"कधी घेतलास फोन?"

"मागच्या उन्हाळ्यात."

"आणि हे?"

तियानानं फोन छातीशी घेतला. "ते वेगळं आहे, मावशी. हा नवा आहे."

हसा तुम्ही, हरकत नाही. पण हसून झाल्यावर घरातला टीव्हीचा रिमोट पिशवीतून बाहेर काढून दाखवा, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपांत एकदा स्वतः चहा पिऊन दाखवा, आणि गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक कुणासाठी ठेवलंय तेवढं सांगा. आत्ता नका सांगू. दोन वाजतायत, साहेब किल्ल्या वाजवत दाराशी आलेत, आणि इथे एकदा आत राहिलं की सोमवारपर्यंत राहावं लागतं. मला निघायला हवं.