दिगंबरकाकांच्या पणजीचं नाव

आमच्या शेजारच्या दिगंबरकाकांचे पणजोबा गेल्या वर्षी महिनाभर पिंगळीत होते. त्याआधी गंगाखेडला. वारून त्यांना शंभरेक वर्षं झाली असतील. पण ज्या गावच्या जुन्या कागदात नाव सापडेल, तिथं काकांच्या लेखी ते 'सध्या' असत.

"मंगलबाई, माणिकजी सध्या आपल्या जिंतुरात हायत," त्यांनी एकदा गच्चीवरून सांगितलं. मी इथल्या अभिलेख कक्षात कारकून. म्हणजे पणजोबा माझ्याच गळ्यात.

काका निवृत्त शिक्षक. निजामाच्या काळातले कागद वाचता यावेत म्हणून साठीनंतर उर्दू शिकले. पाहुण्याला आधी पणजोबांचं नाव विचारत, मग पाणी. सांगता आलं नाही की, "राहू द्या, लय जणांना न्हाई येत," म्हणत. पण तांब्या उशिरा येई.

सात पिढ्यांची वंशावळ त्यांनी भल्यामोठ्या कागदावर काढली होती. सगळे पुरुष. त्यांना हवं होतं पणजीचं नाव, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्यानं काय जमीन मिळणार आहे?" मी विचारलं.

"न्हाई. नाव मिळंल."

मग रोज घरून उशी आणून ते आमच्या बाकावर बसू लागले. माणिकजींची प्रत्येक नोंद चाळून झाली. शेवटी मीच वैतागले. "काका, नवरा जिवंत असेतो बायकोचं नाव कोण लिहितंय? माणिकजी गेल्यानंतरची वर्षं काढा."

तिसऱ्या दिवशी शेताच्या नोंदीत सापडलं: मुक्ताबाई, बेवा माणिकजी. बेवा म्हणजे विधवा. काकांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी बोलावलं. वंशावळ चटईवर पसरलेली होती. पणजोबांच्या शेजारची जागा कोरीच. 'मुक्ता' लिहिलं होतं पार खाली, काकांच्या स्वतःच्या नावाखाली. त्यांना मूलबाळ नाही, हे गल्लीला माहीत होतं.

"चुकलं की काका. चार पिढ्या खाली उतरवलंत."

"चुकलं न्हाई. आमाला मुलगी झाली होती. आई म्हणायची, आजेसासूनं एकटीनं घर राखलं, तिचंच नाव ठेवू. पण नाव आईलाबी ठाऊक नव्हतं. म्हणलं, बाराव्या दिवसापोतर कुणालातरी इचारू." काकांनी चष्मा काढून पुसला. "ती नवव्या दिवशीच गेली."

काकू आतून घुगऱ्यांचं ताट घेऊन आल्या.

"घ्या, मंगलबाई," म्हणाल्या. "बारसं हाय."

मी ओंजळ पुढे केली.