ताप की पिल्लू?

एका जंगलात, बरं का मुलांनो, प्राणी आजारी पडायचे आणि बरेही व्हायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण किती जण आजारी पडतात याचा आकडा सिंहमहाराजांना हवा होता. म्हणून त्यांनी दवाखान्याच्या दारात संगणकाचा एक पडदा बसवला.

पडदा तयार केला सुतार पक्ष्यानं. तो दिवसभर टकटक करायचा. त्यामुळे त्याला संगणकातलं कळतं, असं महाराजांचं मत होतं.

पडद्यावर दोन प्रश्न होते. आजारी कोण? त्याखाली 'मोठा' आणि 'पिल्लू'. झालंय काय? त्याखाली 'ताप', 'पोटदुखी' आणि 'काटा रुतला'. प्रत्येकापुढे एक गोल. याला रेडिओ बटण म्हणतात. त्यातून गाणी येत नाहीत. एका गोलावर पंजा ठेवला की तिथे ठिपका उमटतो आणि त्याच गटातल्या दुसऱ्या गोलावरचा पुसला जातो.

सुतार पक्ष्यानं पाचही गोल एकाच गटात टाकले होते.

सगळ्यात आधी आली कोंडाबाई साळिंदर. तिचं पिल्लू तापानं फणफणलं होतं. तिनं 'पिल्लू' दाबलं. ठिपका आला. तिनं 'ताप' दाबलं. तिथेही ठिपका आला, पण 'पिल्लू'वरचा गेला.

आत वैद्य उदमांजर बसले होते. ते म्हणाले, "बाई, ताप आहे हे कळलं. पण कुणाला?"

"माझ्या पिल्लाला." तिनं पुन्हा 'पिल्लू' दाबलं.

"हां, पिल्लू आहे. पण त्याला झालंय काय?"

"वैद्यबुवा, ते तुमच्यासमोर कुडकुडतंय."

"मला दिसतंय हो. पडद्याला दिसायला हवं. त्याशिवाय औषध द्यायचं नाही, असा हुकूम आहे."

कोंडाबाई सुतार पक्ष्याच्या झाडाखाली गेली. त्यानं स्वतःच्या पडद्यावर 'ताप' दाबून दाखवलं. "बघा, माझ्या झाडावर व्यवस्थित चालतंय."

"आता 'पिल्लू' दाबा."

त्यानं दाबलं. 'ताप'वरचा ठिपका गेला. तो म्हणाला, "पण तुम्ही दोन-दोन बटणं दाबता कशाला?"

"प्रश्न दोन आहेत म्हणून."

"मग दोन गट करावे लागतील. सोपं आहे. पण तशी तक्रार पडद्यावरूनच यायला हवी."

"तक्रारीचं बटण कुठंय?"

"ते अजून केलेलं नाही."

कोंडाबाई परतली तेव्हा पिल्लानं डोळे मिटले होते. ती थेट दवाखान्यात घुसली. वैद्यबुवा आडवे आले आणि एक लांब काटा त्यांच्या पायात शिरला.

वैद्यबुवा नियमाचे पक्के. ते लंगडत पडद्यापाशी गेले. 'मोठा' दाबलं. 'काटा रुतला' दाबलं. 'मोठा' गेला. पुन्हा दाबलं. काटा गेला, पडद्यावरचा.

"अहो, उपटा ना तो," कोंडाबाई म्हणाली.

"नोंद झाल्याशिवाय कसा उपटू?"

ते दाबत राहिले. तेवढ्यात तिनं फळीवरचा काढा काढला आणि पिल्लाला पाजला. संध्याकाळपर्यंत त्याला घाम फुटला, ताप उतरला, आणि ते खायला कंद मागू लागलं. मग कोंडाबाईनं काही न विचारता वैद्यांच्या पायातला काटा ओढून काढला. त्यांनी आभार मानले. कुणाला सांगू नका, असंही म्हणाले.

पावसाळा संपल्यावर महाराजांनी आकडा मागवला. आकडा शून्य होता. पडदा बसल्यापासून जंगलात एकही जण आजारी पडला नव्हता.

दरबारात सुतार पक्ष्याचा सत्कार झाला. दवाखान्याची आता गरज उरली नाही, म्हणून तो बंद करण्यात आला. पडदा मात्र ठेवला.

तात्पर्य : प्रश्न कितीही असोत, उत्तर एकच द्यावं. त्यानं राज्य निरोगी राहतं.