सुभेदारांच्या अंगणातली नर वेल

सुभेदार केरबांनी मला फसवलं. तामलवाडीत लोक अजून उलटंच सांगतात, की मीच त्या म्हाताऱ्याला दोन घागरी पाण्यावर निम्म्या पिकाला बांधून घेतलं. सांगोत. सौदा दोघांनी डोळे उघडे ठेवून केला होता. शब्द मोडला तो त्यांनी.

माझ्या पेंडीच्या दुकानामागं सुभेदारांचं घर. फौजेतून पेन्शनीवर आलेला एकटा जीव. पण एका जागी बसलेला कुणी पाहिला नाही. माझ्याकडं चहाला यायचे, बशीतला अर्धा घोट घ्यायचे आणि "थांबा आप्पा, गस्त घालून येतो" म्हणून उठायचे. बशी तशीच. गस्त कुठं, तर स्वतःच्याच अंगणात. तिथं उंच मेढींना सुतळ्या बांधून त्यांनी हापच्या वेली चढवल्या होत्या. शेवटची नेमणूक हिमाचलात होती. तिथून मुळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, वाटेत प्रत्येक स्टेशनावर पाणी शिंपडत आणलेल्या. हापची फुलं हिरवी, कागदी पाकळ्यांची, बोटाच्या पेराएवढी. बिअरचा कडूपणा त्यांचा. गाव म्हणायचं, कडूच खायचं तर कारल्यानं काय घोडं मारलं होतं?

वाण तीन. त्यांची इंग्रजी नावं सुभेदारांच्या जिभेवर बसेनात. मग आपल्याकडं बायकांना माहेरच्या गावावरून हाक मारतात, तशी त्यांनी नावं ठेवली. लवकर फुलणारी ती वाशीकरीण, उशिरा फुलणारी पण घमघमणारी ती अणदूरकरीण, आणि नुसतीच पानं फेकणारी ती नळदुर्गकरीण. रोज सकाळी हजेरी.

"वाशीकरीण, शेंडा कुठं चाललाय? सुतळी इकडं हाय! नळदुर्गकरीण, खाऊन खाऊन लठ झालीस, फूल कवा दावणार?"

हापची वेल सुतळीला वेढे आपले आपण घालते. सुभेदारांना तेवढा धीर नव्हता. तासातासाला जाऊन एकेक शेंडा बोटानं वळवून यायचे. त्यांची ती ये-जा बघून माझंच वजन चुकायचं, गिऱ्हाईक ओरडायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर पुन्हा विहिरी आटल्या, त्या सालची ही गोष्ट. सोसायटीच्या विहिरीत पोरं खाली उतरून वाटीनं पाणी भरत होती. पाणी होतं ते माझ्या विहिरीला. ती मी स्वतः सुरुंग लावून फोडलेली, कुणाच्या बापाची नव्हे. एक दिवस सुभेदार घागर घेऊन दारात उभे.

"प्यायला कितीही न्या," मी म्हटलं. "वेलींना पाहिजे तर सौदा करू."

"बोला."

"रोज दोन घागरी. फुलं निम्मी माझी. आणि नर वेल असंल तर उपटायची."

मी चौकशी केलेली होती. औरंगाबादकडं बिअरचा कारखाना होता. नर जवळ असला की फुलात बी धरतं, आणि बी धरलेलं फूल कारखाना घेत नाही. पपईचा नर आपण कुऱ्हाडीनं पाडतो, त्यातलंच हे.

सुभेदार जरा वेळ घागरीच्या काठावरून बोट फिरवत राहिले. "हाय एक गडी," ते म्हणाले. "उद्या उपटतो."

"शब्द?"

"फौजीचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोकळा खड्डा दाखवला. मी आत वाकून पाहिलं. मुळी एक नव्हती.

मग पाच महिने त्यांनी काय नाही केलं! उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून मेढींना ओली गोणपाटं टांगली, अंगावरचं धोतरसुद्धा सावलीला बांधलं आणि आपण चड्डीवर गस्त घातली. फुलं आली. तिघींची मिळून एक पोतं, वजन एखाद्या कोंबडीइतकं. सुभेदार म्हणाले, "सगळंच न्या, आदी दावून या." पोतं मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टर नाक धरून म्हणाला, "शेठ, ह्यात काय मेलंय?"

कारखान्याच्या माणसानं एक फूल उकललं, नखावर बी घेतलं. "जवळ नर वेल आहे."

"नव्हती! खड्डा मी स्वतः पाहिलाय!" तिथं मी एवढा भांडलो की वॉचमन आला. पोतं घेऊन परत.

एसटीतून उतरलो तो थेट त्यांच्या अंगणात. न्हाणीमागं छपराइतका उंच तुराट्यांचा कूड होता, अंगणात तेवढीच जागा मी पाहिली नव्हती; तो मी लाथेनं पाडला. मागं नर वेल, पार छपरापर्यंत गेलेली. खड्ड्यातून काढून इथं लावलेली. इतर वेलींना सुतळी, हिला चांगला काथ्याचा दोर.

"सुभेदार, हा तुमचा फौजीचा शब्द?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खाली बसलेलं पाहिलं.

"उपटला व्हता, आप्पा. फेकाया निघालो व्हतो. पाय न्हाय उचलला." न्हाणीच्या दगडाकडं बघत ते बोलत होते. "बावीस वर्सं माजी बायको ह्या अंगणात एकली राह्यली. सालात एक म्हयना सुट्टी, त्यात बी निम्मा परवासात. कायमचा आलो, तवा ती न्हवती. ह्या तिगींना म्याच उचलून इतक्या लांब आणलं. त्यांचा गडी बी म्याच तोडू?"

"मग मला सांगायचं होतं!"

"तुमाला?" त्यांना खरंच नवल वाटलं. "तुमी कुऱ्हाड घिऊन आला असता की."

पोत्याचं मी सोडलं. हे सोडणार नाही. पाच महिने रोज दोन घागरी मी माझ्या हातानं शेंदून दिल्या, दुकानातल्या गड्याला सांगितलं नाही. भिंतीला भिंत लागून घर आमचं. तरी एवढी गोष्ट माझ्यापाशी बोलता येणार नाही, असं त्यांना वाटलं कशावरून? कुणी भरवलं त्यांच्या मनात? ज्यानं भरवलं असेल त्यानं दिवसाढवळ्या माझ्या दुकानावर यावं, आणि समोर उभं राहून मला जबाब द्यावा.