दीडशे माणसं, तीन प्रती

"या वेळी सल्लामसलत लोकशाही पद्धतीनं झाली पाहिजे," असं फर्मावून खात्याच्या प्रमुख सारालेगी मॅडम समुद्रकिनारी सुट्टीवर गेल्या आणि सगळं काम विल्मरच्या गळ्यात पडलं. मोंतेविदेओच्या कॉपीराइट खात्यात तो सहा वर्षं लोकांची मतं मागवत होता. दरवेळी यायचे दोघेच: प्रकाशकांचे वकील बोर्दोली आणि पाऊस लागला म्हणून आत शिरलेला एक म्हातारा.

विल्मरनं कंबर कसली. विद्यापीठाच्या भिंतींवर पत्रकं लावली: 'या, बोला, गरमागरम तळलेल्या पुऱ्या, तोर्ता फ्रिता, खा.' मग नव्या कॉपीराइट कायद्याचा मसुदा घेऊन तो समोरच्या नीबियाबाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरला.

"बाई, दोनशे प्रती."

बाईंनी चष्मा नाकावर ओढला. "शेवटच्या पानावर काय लिहिलंय रे? 'लेखी परवानगीशिवाय प्रत काढू नये.'"

"अहो, ते सगळ्याच कागदांवर छापतात!"

"असेल. मागच्या वर्षी पुस्तकांच्या प्रती काढते म्हणून तुमच्याच खात्याच्या माणसांनी माझी दोन मशीनं उचलून नेली. परवानगी आण, मग बटण दाबते."

परवानगी द्यायची मॅडमनी, आणि मॅडमचा फोन बंद.

सभेला दीडशे माणसं लोटली. प्रती तीन. एकेका प्रतीवर वीस-वीस मुंडकी वाकली, धक्काबुक्की सुरू झाली.

"मी मोठ्यानं वाचतो!" विल्मर ओरडला. पहिलं वाक्य सव्वा पानाचं होतं. अर्ध्यातच त्याला धाप लागली.

"हरकत!" बोर्दोली उठले. "जाहीर वाचनालाही परवानगी लागते."

"मग काय खाणाखुणांनी सांगणार?" मागून कुणीतरी ओरडलं.

नीबियाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. "वकीलसाहेब, स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर?"

बोर्दोलींनी जाडजूड पुस्तक चाळलं, घाम पुसला. "त्याला... नाही लागत."

"ऐका तर!" नीबियाबाईंनी एक प्रत ओढून घेतली. "कलम एक: ज्यानं लिहिलं, त्याचं नाव राहणार. बरोबर?"

"बरोबर!" सभा ओरडली.

कलमं भराभर उलगडत गेली. "आता कलम नऊ. पुस्तक छापणं बंद झालं असलं, तरी झेरॉक्स काढली की दंड! शरीरशास्त्राचं जुनं पुस्तक मिळालं नाही तर मेडिकलच्या पोरींनी काय प्रेतालाच विचारायचं?"

सभागृह दणाणलं. तेवढ्यात तो पावसातला म्हातारा उभा राहिला. "मी कादंबरीकार आहे."

"सहा वर्षांत बोलला नाहीत!" विल्मर चकित.

"कुणी विचारलंच नाही. तीस वर्षांत माझं एकही पुस्तक कुणी पुन्हा छापलेलं नाही. माझी झेरॉक्स काढा हो कुणीतरी!"

टाळ्या, शिट्ट्या. त्या गोंधळात चपलांमधून वाळू सांडत सारालेगी मॅडम दारात येऊन ठेपल्या. सभेची बातमी किनाऱ्यापर्यंत पोचली होती. हातात तोर्ता धरून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"विल्मर, मसुदा किती सोपाय रे! कोणी लिहिला?"

"तुम्हीच, मॅडम."

"मी? आणि ते नववं कलम?"

"तेही."

मॅडमनी उरलेला तोर्ता तोंडात कोंबला.

"नवव्या कलमाच्या विरोधात कोण?" नीबियाबाईंनी आरोळी ठोकली. सगळ्या सभागृहाचे हात वर गेले. विल्मरनं मोजायला सुरुवात केली. दाराजवळचा एक हात उन्हानं लालबुंद होऊन सोलपटला होता.