सिस्टरच्या नावावर

प्रमिलाताईंना एका वर्षात सात वेळा योनीमार्गात बुरशीचा संसर्ग झाला. निदान न्यूझीलंडच्या हॅमिल्टन शहरातल्या चार फार्मसींचा तसा समज आहे. ताईंचं वय एकोणसाठ. कोणी विषय काढलाच, तर त्या हात झटकून सांगायच्या, "त्यातला एकही माझा नाही." एक माझा होता, हे मी आधीच सांगून टाकते.

ताई सातारा जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना इथे, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात आणलं, आमच्या समोरच्या घरात. पहिल्याच भेटीत त्यांनी "मी सिस्टर" अशी ओळख करून दिली, तेव्हापासून इथल्या मराठी बायका त्यांना सिस्टरच म्हणतात. आवाज असा की ओपीडीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावा. गणपतीच्या कार्यक्रमात मोदक वाढता वाढता त्यांनी हॉलच्या मध्यभागी एका बाळंतिणीला विचारलं होतं, "टाके वाळले का गं?" सुनेने मान खाली घातली. नात म्हणाली, "आजी, दॅट्स सो एम्बॅरॅसिंग!" सिस्टरनी दुसरा मोदक वाढला आणि म्हणाल्या, "लाज मी सरकारजमा करून निवृत्त झाले."

हे वाक्य त्या आठवड्यातून एकदा तरी म्हणत.

मी बार्शीजवळच्या एका गावातली. आमच्या घरातली पहिली पदवीधर. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, ते शिकवण्यासाठी आई-वडिलांनी काय सोसलं ते मला माहीत आहे, आणि त्या शिक्षणावरच इथल्या 'ते रापा' भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. पावडरच्या नमुन्यांत यीस्ट किती, बुरशी किती, हे मोजणं माझं काम. 'यीस्ट' हा शब्द मी दिवसातून शंभरदा उच्चारते. पण तेच यीस्ट मला स्वतःला झालं, तेव्हा फार्मसीच्या काउंटरवर माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागे कोणी ओळखीचं उभं असेल तर? मी दोनदा गेले. एकदा सनस्क्रीन घेऊन आले आणि एकदा खोकल्याच्या गोळ्या. घरी तीन आठवडे जंतुनाशक घालून धूत राहिले आणि खाज वाढतच गेली.

सिस्टरनी ओट्यावर त्या गोळ्या पाहिल्या.

"खोकला तर नाही तुला. आणि खुर्चीवर अशी तिरकी का बसतेस?"

त्यांनी मला हाताला धरून आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि गॅसवरचा पंखा पूर्ण वेगाने सोडला. काही शिजत नव्हतं. सून शेजारच्या खोलीतून ऑफिसचं काम करत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून तो पंखा.

"पांढरं जातंय ते दह्याच्या चोथ्यासारखं, की पातळ? वास? ताप? ओटीपोटात दुखतंय? पाळी चुकलीय? पूर्वी कधी डॉक्टरने हेच आहे म्हणून सांगितलं होतं?"

चोथ्यासारखं. वास नाही. ताप, दुखणं काही नाही. पाळी मंगळवारीच येऊन गेली. कॉलेजात असताना एकदा झालं होतं, तेव्हा डॉक्टरने सांगितलं होतं.

"मग ठीक. पहिल्यांदाच झालं असतं, वास-ताप असता, दिवस गेले असते, तर मी दुकानात गेलेच नसते. सरळ डॉक्टर. आता ऐक. कॅप्सूल असते, एकदाच तोंडाने घ्यायची. आत ठेवायची गोळी असते, ती झोपताना. आणि बाहेरच्या खाजेला मलम. तू दुसरी काही औषधं घेत नाहीस, तुला कॅप्सूल आणि मलम पुरे. चार-पाच दिवसांत उतार नाही पडला तर माझ्याकडे नाही यायचं, डॉक्टरकडे जायचं. आणि ते जंतुनाशक आजच बंद. कारखान्याची टाकी धुतेस का?"

इथे हे औषध चिठ्ठीशिवाय मिळतं, पण फार्मसिस्ट आधी प्रश्न विचारतो. सिस्टर बसने गेल्या, मीही गेले आणि व्हिटॅमिनच्या कपाटामागे उभी राहिले. इथे या दुखण्याला थ्रश म्हणतात. सिस्टर काउंटरवर खणखणीत म्हणाल्या, "आय हॅव थ्रश!" फार्मसिस्टने बोलण्यासाठीच्या छोट्या खोलीकडे हात केला. "नो रूम. आय अ‍ॅम नर्स." मग त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी माझी उत्तरं दिली. गरोदर असण्याची शक्यता? "नो, नो. पिरियड ट्यूजडे!" त्याने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, क्षणभर व्हिटॅमिनच्या कपाटाकडे पाहिलं, आणि औषध काढलं.

पाच दिवसांत मी सरळ बसायला लागले.

माझ्यासारख्या आणखी होत्या. नाव बाहेर फुटलं नाही, कारण प्रत्येक वेळी नाव एकच होतं. एका दुकानात लागोपाठ दोनदा जायचं नाही, हा सिस्टरचा नियम. पण एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. इथे एकच फार्मसिस्ट दोन दुकानांतही काम करू शकते. 'ते रापा'च्या दुकानात त्या गेल्या, तर समोर रोटोटुनाच्या दुकानातलीच फार्मसिस्ट मुलगी उभी. तिने गोड हसून "किया ओरा" असा इथला नमस्कार केला आणि औषध द्यायला नकार दिला.

सिस्टरचा फोन आला. "मला साखर असेल म्हणते! पुन्हा पुन्हा होतंय म्हणून आधी रक्त तपासा म्हणते. वर्षा, उद्या माझ्याबरोबर चल. तुझं इंग्रजी कॉलेजचं आहे. सांग तिला, हे सगळे रोग माझे नाहीत म्हणून."

म्हणजे मला तिथे जाऊन 'त्यातला एक माझा' असं म्हणावं लागणार होतं. रात्रभर मी ते वाक्य मनात घोकलं. सिस्टरनी ते माझ्यासाठी न घोकता म्हटलं होतं.

शनिवारी आम्ही गेलो. या वेळी सिस्टर त्या छोट्या खोलीत निमूट बसल्या. मी माझं वाक्य म्हटलं. फार्मसिस्ट मुलीला जराही नवल वाटलं नाही. उलट ती म्हणाली, पुढच्या वेळी तू स्वतः ये, मी इथेच दार लावून विचारीन. मग तिने सिस्टरकडे वळून विचारलं, "सो नन ऑफ देम वर युअर्स?"

सिस्टरना प्रश्न कळला होता. तरी त्या माझ्याकडे वळल्या. मग मराठीत म्हणाल्या, "तिला सांग, शेवटचे तीन माझे."

मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं.

"तुमचे? सिस्टर, मग मला का नाही सांगितलंत? सुनेला?"

"तिला काय सांगू? ती बिचारी मीटिंगमध्ये असते. आणि तुम्हा सगळ्यांचं मी ऐकते ना, मग माझं कोणाला..." त्यांनी पर्सचा बंद नीट केला. "तीनदा होऊनसुद्धा मी स्वतःला प्रश्न विचारले नाहीत बघ. दुसरी कोणी असती तर हाकलली असती डॉक्टरकडे."

मग त्यांनी मला विचारले होते तसे प्रश्न मी त्यांना विचारत गेले, आणि उत्तरं इंग्रजीत सांगत गेले. तहान फार लागते? लागते. रात्री लघवीला उठता? तीनदा. वजन उतरलंय? साडीच्या निऱ्या जास्त येतात हल्ली. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना विचारलेले प्रश्न त्या पेशंटसारख्या, मांडीवर हात ठेवून, ऐकत होत्या.

फार्मसिस्टने डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहून दिली. तिच्यावर सिस्टरचं नाव होतं, आणि या वेळी ते खरं होतं.

गाडीत बसून मी लगेच दवाखान्याला फोन लावला. सिस्टर शेजारी बसून चिठ्ठीची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. रिसेप्शनिस्टने विचारलं, कशासाठी वेळ हवी आहे? मी दुखण्याचं नाव घेतलं, किती वेळा झालं ते सांगितलं, साखर तपासायची आहे म्हटलं. स्पष्ट, प्रयोगशाळेत बोलते तसं. बाजूने ट्रॉली ढकलत एक कुटुंब चाललं होतं आणि माझ्या बाजूची काच उघडी होती.

सिस्टरनी माझा हात घट्ट धरला.

"हळू बोल गं," त्या म्हणाल्या. "लोक ऐकतील."

मी काच वर केली. हात सोडवून घेतला नाही. एका हाताने मंगळवारची वेळ लिहून घेतली.